आंब्याच्या कॉबलरची दुसरी वाटी

आजारपणानंतर सासूबाईंच्या तोंडाची चवच गेली होती. पेणजवळच्या मिठागरात जन्मभर राबलेल्या त्या, आता अष्टमी गावात आमच्याकडे राहताना दोन घास खाऊन ताट सरकवायच्या.

शेजारच्या भाभींच्या नवऱ्याने आखातातून स्लो कुकर, म्हणजे मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारं विजेचं भांडं, आणला होता. "खोक्यातच पडलाय, घेऊन जा," त्या म्हणाल्या. माझ्याकडे ओव्हन नव्हता, पण फळांवर पीठ ओतून भाजतात तो गोड कॉबलर करून बघायची हौस फार.

पिकल्या आंब्यांच्या फोडी साखर घालून तळाशी पसरल्या. वर मैदा, बेकिंग पावडर, दूध आणि लोण्याचं सरसरीत पीठ ओतलं. वाफेचं पाणी पिठावर टपकू नये म्हणून झाकणाखाली कोरडं फडकं ताणून लावलं.

"जाळ नाय, आवाज नाय. यात काय शिजनार हाय गो?" सासूबाई म्हणाल्या.

दुपार कलली तसा आंब्याचा वास घरभर पसरला. त्या उगाचच स्वयंपाकघरात डोकावून गेल्या. नवरा धाटावच्या कारखान्यातली शिफ्ट संपवून आला, तेव्हा मी झाकण काढलं. कडा बदामी झाल्या होत्या, पीठ केकसारखं फुगलं होतं.

सासूबाईंनी मी दिलेली वाटी संपवली आणि रिकामी वाटी माझ्यापुढे धरली.

"आनखी दे."

मला रडू आणि हसू एकदमच आलं.

तेवढ्यात भाभींनी दारातून विचारलं, "जमलं का?"

"जमलं तर!" सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या. "बिगी ये, नायतर उरायचं नाय!"