पूछताछकाकूंचा देवमासा

भाजीवाल्याला कारल्याचा भाव विचारण्याआधी काकू त्याला तो स्वतः घरी कारलं कसं खातो, हे विचारायच्या. उत्तर मनासारखं आलं तरच पिशवी उघडायची. भिलाईतल्या रुआबांध्याच्या बाजारात त्यांच्यासोबत जायचं म्हणजे सकाळ गेलीच असं समजायचं. डॉक्टर, गॅसची टाकी आणणारा, शेजारच्या ब्लॉकमध्ये नव्याने आलेली सून, कोणीच त्यांच्या चौकशीतून सुटलं नाही. आमच्या सेक्टरमधल्या टवाळखोरांनी त्यांचं नाव 'पूछताछकाकू' ठेवलं होतं, स्टेशनवरच्या खिडकीवर लिहिलेलं असतं तसं. काकूंच्या कानावर ते आलं तेव्हा हे कोणाला सुचलं याचीही त्यांनी चौकशी केली, आणि मग सगळ्यांना चिवडा खायला बोलावलं.

त्या आमच्या खालच्या क्वार्टरमध्ये राहायच्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या. काका तरुणपणी स्टील प्लांटमध्ये लागले आणि सगळी नोकरी त्यांनी रोलिंग मिलमध्ये काढली. तिथल्या आवाजाने त्यांचे कान गेले. अगदी ठार बहिरे नव्हते, पण समोरच्याला ओरडावं लागायचं, आणि कोणी ओरडलं की काकांचा चेहरा पडायचा. कानाचं यंत्र घेतलं होतं, त्यात भांडी आपटल्यासारखं ऐकू येतं म्हणून ते कपाटात गेलं. रिटायर झाल्यावर ते क्लबात जायचे थांबले, मग लग्नकार्याला, मग फाटकापर्यंतसुद्धा. दिवसभर आवाज बंद करून टीव्हीवर समुद्रातले प्राणी बघत बसायचे. साऱ्या गावाला प्रश्न विचारणाऱ्या बाईच्या घरात उत्तर देणारं कोणी राहिलं नव्हतं. काकू हसतमुख होत्या, पण एकदा पापड वाळत घालताना मला म्हणाल्या, "जेवता का, एवढंच विचारते मी आता ह्यायले. ते मान हालवते."

एका संध्याकाळी पडद्यावर देवमासा शेपटी वर करून पाण्यात शिरत होता आणि काका आपणहून बोलले, "एकदा खरा पाहाले पायजे." बस, एवढंच. काकू स्वयंपाक अर्धा टाकून जिना चढून माझ्याकडे आल्या. त्यांना धाप लागली होती. "पोरी, ह्यायनं काहीतरी मागतलं. देवमासा कुठं पाहाले भेटते ते पाय."

मी शाळेत शिकवत होते, मेमध्ये सुट्टी होती, आणि मलाही कुठेतरी जायचं होतं. मी हौसेने कामाला लागले. श्रीलंकेच्या दक्षिण किनाऱ्यावरचं एक हॉटेल शोधून काढलं. पोहण्याचा तलाव, पांढरे पडदे, खिडकीत निळाशार समुद्र. काकूंनी चष्मा लावून सगळे फोटो पाहिले आणि म्हणाल्या, "पलंग दिसून राहिला, पडदा दिसून राहिला. मानूस कुठं हाय?" मग मला फोन लावायला लावला. मी खोलीचं विचारणार, तर त्यांनी मध्येच थांबवलं. मेमध्ये तिथले कोळी समुद्रात जातात का, एवढं विचार म्हणाल्या. फोनवरचा माणूस आधी नाश्त्याबद्दल सांगू लागला. मी पुन्हा विचारल्यावर तो म्हणाला की त्या दिवसांत इकडे समुद्र खवळलेला असतो, देवमासे दाखवणाऱ्या बोटी बहुतेक बंदच असतात. त्या महिन्यांत देवमासे पाहायचे तर पूर्वेला, त्रिंकोमालीला जा, हेही त्यानेच सांगितलं. माझा चेहरा उतरला. काकू मात्र खूश होत्या. त्या माणसाचे आभार मानायला विसरू नको म्हणाल्या.

त्रिंकोमालीकडे तमिळ बोलतात हे कळल्यावर काकूंनी समोरच्या क्वार्टरमधल्या सेल्वीअक्कांना धरून आणलं. त्या मदुराईकडच्या, पण भिलाईत जन्म काढलेला. आमच्या बैठकीत मधोमध फोन ठेवून काकू वऱ्हाडीत विचारायच्या, अक्का तमिळमध्ये, आणि उत्तर हिंदीत परत यायचं. पाहुण्यांना ठेवून घेणारी बरीच घरं विचारून झाली. कोणी म्हणे देवमासा खात्रीने दिसेल, कोणी म्हणे अगदी अंगणातून दिसेल. काकू ऐकून घ्यायच्या आणि पुढचा नंबर लावायला सांगायच्या.

शेवटी एक बाई फोनवर आल्या. रिटायर्ड नर्स होत्या, घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देत. घरातून समुद्र दिसतो का, या प्रश्नावर त्या म्हणाल्या, नाही, नारळाची झाडं आणि शेजाऱ्याची भिंत दिसते. देवमासा नक्की दिसेल का? तेही सांगता येत नाही, कितीतरी लोक न बघताच परततात. काकू खुर्चीत सावरून बसल्या. "जो मानूस नाही म्हनू शकते, त्याच्या 'हो'वर भरोसा करता येते," हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मग आवाज खाली आणून त्यांनी अक्कांना सांगितलं की माझ्या मालकाला ऐकू येत नाही, ते चालेल का विचारा.

मग त्या बाईंनी सांगितलं की त्यांचे वडील बोटींच्या इंजिनांवर काम करायचे, त्यांचंही असंच झालं होतं. आमच्याकडे कोणी ओरडत नाही, समोर बसून हळू बोलतो.

"हेच घर," काकू म्हणाल्या.

मी पुष्कळ वाद घातला. एसी नाही, किनारा लांब, आणि समुद्रासाठी जाऊन समुद्रच दिसणार नाही. काकूंनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. "समुद्र बाहेर जाऊन पाहता येते, पोरी. घरात मानूस पायजे."

आम्ही तिघं गेलो. त्या घरी पहिल्याच जेवणाला त्या बाई काकांच्या समोर बसल्या आणि ओठ नीट हलवत, हातांनी खुणा करत, माशांच्या कालवणाबद्दल बोलू लागल्या. काकांना त्यांची भाषा कळत नव्हती, पण ती कोणालाच कळत नव्हती, म्हणून त्या टेबलावर काका आमच्या बरोबरीचे झाले. ते हसले. काकूंचं आणि माझं जेवण थांबलं.

बोटीत बसायला मात्र ते तयार नव्हते. पहिल्या दिवशी मी एकटीच गेले आणि काही न बघता, पोटातलं सगळं ओकून परत आले. काकूंनी काकांना आग्रह केला नाही. संध्याकाळी आम्ही कड्यावरच्या शंकराच्या देवळात गेलो. तिथून खाली खोल पाणी दिसतं. काका कठड्याशी बराच वेळ उभे राहिले. दूर कुठेतरी एक पांढरा फवारा उडाला असं त्यांना वाटलं. मला काहीच दिसलं नव्हतं. पण उतरताना ते म्हणाले, "उद्या आपन जाऊ."

दुसऱ्या दिवशी समुद्र तेलासारखा शांत होता. उन्हं वर आली तरी काही नव्हतं. मग नावाड्याने इंजिन बंद केलं, आणि आमच्या उजवीकडे पाणी फुगलं. एक राखाडी-निळी पाठ वर येत गेली, येतच गेली. आणि देवमाशाने श्वास सोडला. भट्टीचं झाकण उघडावं तसा तो जाड, खोल आवाज छातीत शिरला.

काकांनी काकूंचा दंड घट्ट पकडला होता. "अवं, आयकू आलं मले," ते म्हणाले. "श्वास आयकू आला त्याचा."

काकूंचा तोंडाला लावलेला पदर बोट किनाऱ्याला लागेपर्यंत खाली आला नाही. त्या हसत होत्या की रडत होत्या, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

भिलाईला परतल्यावर काका आपणहून कानाच्या डॉक्टरकडे गेले. नवं यंत्र आलं, ते नीट बसवून घ्यायला दोन-तीन खेपा झाल्या. मग ते क्लबात जाऊ लागले. तिथे कॅरम कमी आणि देवमासा जास्त चालतो, अशी तक्रार यायला लागली. खालच्या क्वार्टरमधून दोन माणसांचे आवाज वर येऊ लागले. कधीकधी भांडणाचेही. ते ऐकून मला फार बरं वाटायचं.

पुढच्या वर्षी त्यांनी क्वार्टर सोडलं आणि मुलीकडे नागपूरला जायला निघाले. मी दुर्ग स्टेशनवर पोचवायला गेले होते. काकूंनी खिडकीतून माझा हात धरला आणि सुट्टीत ये म्हणाल्या. काकांना मी निरोपाचं काही बोलायला वाकले, पण ते समोरच्या अनोळखी माणसाशी बोलत होते. शेपटी केवढी होती ते दाखवायला त्यांनी दोन्ही हात पसरले होते, आणि तो माणूस अंग चोरून बसला होता. गाडी हलली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि दोघांच्या वतीने हात हलवला.