तारलीच्या तेलावर सावर्डे

भारताचा इंधनाचा प्रश्न मी एका रविवारी, रत्नागिरीच्या मांडवीतल्या आमच्या परसात, भाताच्या मोठ्या टोपात सोडवला. मंगळवारी सकाळी तो परत होता तिथे आला. पण मधला सोमवार आपला देश पूर्ण स्वावलंबी होता! (निदान आमच्या दारापासून जेटीपर्यंत तरी.)

मासळी वाहायचा माझा एक छोटा टेंपो आहे, डिझेलवर चालणारा. त्या दिवसांत डिझेलचा भाव नुसता चढत होता. भरतीचं पाणी निदान ओहोटीला मागे जातं, ह्या भावाला ओहोटीच ठाऊक नव्हती. त्यामुळे चहाच्या टपरीवर रोज राष्ट्रीय परिषद भरे. अध्यक्ष अण्णा. अण्णांचा जन्म बोटीवर तांडेलकी करण्यात, म्हणजे खलाशांना हाकण्यात गेला, आणि जे जे पाण्याखाली आहे ते आपण डोळ्यांनी पाहिलंय, असं त्यांचं म्हणणं. सगळं तेल आपल्याच दर्याखाली पडलंय, आपणच काढत नाही, उगाच परदेशापुढे हात पसरतो, हा त्यांचा सिद्धांत. काढायचा खर्च विकतच्या तेलापेक्षा जास्त होतो, हा माझा. वाद इतका पेटे की टपरीवाल्याला चहाखालचा स्टोव्ह बारीक करावा लागे.

एक दिवस अण्णा मला म्हणाले, "तू नुसता बोलतोस मेल्या. तू जन्मात काय काढलंस? घाम तरी काढलायस काय कधी?"

सगळी टपरी हसली. टपरीवालासुद्धा, ज्याची माझ्याकडे बघून हसायची ऐपत नाही!

नेमकी त्याच आठवड्यात तारली लागली. लागली म्हणजे किती? होड्या येत होत्या त्या पाण्यावरून नव्हे, तारलीवरून घसरत येत होत्या. तारली हा मासा म्हणजे पोहणारा तेलाचा बुधला. उकळली की तेल आपसूक वर तरंगतं. पूर्वी आमचे लोक तेच होडीच्या लाकडाला चोपडत. मी विचार केला, जे तेल होडीला बाहेरून चालतं, ते टेंपोला आतून का चालू नये?

रविवारी परसात चूल मांडली. मांडवीतली मांजरं तर आलीच, पण मिरकरवाड्याची मांजरंही आपापली पिल्लं घेऊन, जत्रेला निघाल्यासारखी आली. बायको बाजारातून आली ती कुंपणाबाहेरच थांबली. तिचं नाव सुमन. ती मासळी विकते, आणि तिच्या टोपलीतल्या माशावर बोट ठेवून ताजेपणाची शंका घ्यायची आख्ख्या रत्नागिरीत कुणाची छाती नाही.

"अहो, ह्या टोपात आता भात कोण खाणार?"

"देशासाठी एक टोप गेला तर काय बिघडलं?"

"मग देशाला सांगा नवीन आणून द्यायला."

तिच्याच जुन्या लुगड्यातून (तिला न विचारता) तेल गाळलं. सोमवारी भर दुपारच्या उन्हात थोडं डिझेल, थोडं तेल, असं मिश्रण टाकीत ओतलं आणि चावी फिरवली. टेंपो खोकला, शिंकला आणि चक्क चालू झाला! मागून पांढराशुभ्र धूर, आणि धुराला तारली तळल्याचा असा घमघमाट, की जेटीपर्यंतच्या बायका दारात येऊन कुणाकडे पाहुणे आलेत ते विचारू लागल्या. अण्णांनी मला उभं राहून सलाम ठोकला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. (धूर होता, पण मी तो अभिमान म्हणून स्वीकारला.) त्या नशेत मी उरलेलं सगळं तेल टाकीत रिकामं केलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सुमनला पहिल्यांदाच लग्नघरची ऑर्डर मिळाली होती. सावर्ड्याच्या एका वहिनींच्या मुलीची हळद मंगळवारी होती, आणि हळदीच्या जेवणाची सगळी सुरमय नि कोलंबी सुमनकडून जायची होती. हे एक जेवण गाजलं तर तिकडची सगळी लग्नघरं तिची. फसलं तर पुन्हा टोपली आणि पुन्हा तेच दारोदार. उन्हं डोक्यावर यायच्या आत तुकड्या तव्यावर असतील, असा शब्द तिने दिला होता. मला तिने तीनदा बजावलं, डिझेल भरून घ्या, नुसतं डिझेल. मी हो म्हटलं. नवरे म्हणतात तसं.

मंगळवारी उजाडता उजाडता निघालो. थंडी मी म्हणत होती. हातखंब्यापर्यंत कावळ्यांनी सोबत केली, हातखंब्याला कुत्र्यांनी कार्यभार स्वीकारला.

"हा वास कसला?" सुमनने विचारलं.

"मासळीचा."

"माझी मासळी बर्फात आहे. तिला वास नाय."

मी आरशात बघण्यात गुंग झालो. निवळीचा घाट उतरलो, बावनदीच्या धुक्यात शिरलो आणि टेंपोने एक लांब उसासा सोडून डोळे मिटले. मी फिल्टर उघडला. आत तूप! चांगलं पांढरं, रवाळ, सणाला वाढावं असं. दुपारच्या उन्हात पाण्यासारखं वाहिलेलं माझं राष्ट्रीय तेल बावनदीच्या गारठ्याला थिजलं होतं. तोवर हातखंब्याची कुत्रीही पोचली आणि टेंपोभोवती शिस्तीत पंगत धरून बसली.

सुमनने फिल्टरकडे पाहिलं. मग माझ्याकडे. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पदर खोचून सरळ रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिली. आमच्याच मागून जांभ्या चिऱ्यांनी भरलेला ट्रक आला. त्याला थांबावंच लागलं, कारण ती हलणार नव्हती.

ड्रायव्हर म्हणाला, मासळी घेत नाय, गाडीला वास लागतो. सुमन त्याला म्हणाली, "दादा, पोरीची हळद आहे. हळदीच्या दिवशी मांडवातली माणसं डाळभात खाऊन उठली तर ती तुला आयुष्यभर आठवतील." ड्रायव्हर उतरला. खोके चिऱ्यांवर चढले, सुमन पुढे बसली, आणि मला एवढंच सांगून गेली, "तुम्ही इथे बसा. तुमच्या तेलाला सोबत हवी."

मी बसलो. ऊन वर आलं, फिल्टर तापला, तूप विरघळलं आणि टेंपोला पुन्हा जीव आला. घरी परतावं की सावर्ड्याला जावं? पण रिकामे खोके आणि बायको आणायची तर जाणं भाग होतं. (शिवाय भूक. खोटं कशाला बोलू?)

सावर्ड्याला मांडवाशी पोचलो तेव्हा पहिली पंगत रंगात आली होती. सुरमय तव्यावरून थेट पानात पडत होती आणि पानातून थेट नाहीशी होत होती. ट्रक ड्रायव्हरला मानाच्या पाटावर बसवून आग्रह चालला होता. सुमनभोवती बायकांचा घोळका होता, पुढच्या दोन लग्नांची बोलणी चालली होती. आणि अशा वेळी मी प्रकटलो. तोंड काजळीने काळं, कोपरापर्यंत हात चरबीने माखलेले, मागे पांढरा धूर आणि धुरातून एकेक करून बाहेर येणारी वाटेतल्या सगळ्या गावांची कुत्री!

वहिनींनी पदर नाकाला लावला.

"सुमनताई, हा कोण गो?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं, कुत्र्यांकडे पाहिलं, मग बोलणी अर्धी टाकून थांबलेल्या त्या बायकांकडे पाहिलं.

"टेंपोवाला," ती म्हणाली. "भाड्याचा."

वहिनी मनाने चांगल्या. त्यांनी मांडवाबाहेर, वाऱ्याची दिशा बघून, मला पान मांडून दिलं. सुरमयीची तुकडी अशी झाली होती की मी अपमान बाजूला ठेवून दुसरी मागितली. ती वाढता वाढता वहिनी सुमनला म्हणाल्या, "पुढच्या खेपेला दुसरा कुणी बघ गो. हा काय कामाचा नाय."

सुमन म्हणाली, "बघतेच आहे."

मी तोंडातला घास गिळला आणि मान डोलावली.

"बरोबर बोललात वहिनी. बाईंना मासळीची पारख फार चांगली. माणसाच्या बाबतीतच फसल्या."