ओळ कुठं तोडायची

तोंडानं 'टिंग' असा आवाज काढायचा, डावा हात उचलून हवेतला नसलेला दांडा उजवीकडे ढकलायचा आणि मग करंगळीनं एंटर मारायचा. आमच्या दुकानातले सर दर ओळीला हे करत. अंबरनाथ पश्चिमेला स्टेशनजवळ तुम्ही कधी अर्ज टाइप करून घेतला असेल, तर तुम्हीही हे पाहिलं असेल आणि हसू दाबलं असेल. मी तर दाबतही नसे.

दुकान माझं. झेरॉक्स, अर्ज, लग्नपत्रिका, सोसायटीच्या नोटिसा. पण येणारा माणूस दारातूनच विचारी, "सर आहेत का?" उल्हासनगरात सरांचा टायपिंगचा क्लास होता. सिंधी बाजारातली कितीतरी पोरंपोरी त्यांच्या हाताखालून गेली. पुढं क्लास बंद पडला, मशिनी भंगारात गेल्या आणि सर माझ्याकडे आले. बोटं मात्र तशीच. स्क्रीनकडे न बघता टाइप करायचे आणि एक चूक सापडेल तर शपथ.

अडचण एकच, त्या एंटरची. टाइपरायटरवर ओळ संपत आली की घंटी वाजते आणि ओळ आपण हातानं तोडायची असते. कॉम्प्युटरवर ते काम कॉम्प्युटर करतो. कडेला आला की शब्द आपोआप खाली उतरतात. त्याला वर्ड रॅप म्हणतात. हे मी सरांना किती वेळा सांगितलं असेल, देव जाणे.

"आपोआप म्हणजे कुणाच्या मनानं?" ते विचारत.

"कॉम्प्युटरच्या."

"यंत्राला काय कळतंय?"

झालं, विषय संपला! वर्डमध्ये ते टाइपच करत नसत, कारण शब्दांखाली लाल रेघा येतात. "मला या वयात मास्तर नको," म्हणायचे. म्हणून मी त्यांना एक साधा एडिटर टाकून दिला. नुसती अक्षरं, बाकी काही नाही. त्यात एकदा माझ्याकडून वर्ड रॅप बंद राहिला. सरांनी कुणाचा तरी मजकूर पेस्ट केला आणि ओळ जी उजवीकडे सुटली ती दिसेचना. खुर्चीतून उठून मॉनिटरच्या बाजूला वाकून बघायला लागले. "पळाली की गं ही!" समोरचं सिंधी गिऱ्हाईक म्हणालं, "साईं, पकडो उसको!" त्या दिवशी आम्ही तिघं पोट धरून हसलो.

पण त्यांचा मजकूर पानावर लावताना माझं डोकं फिरायचं. अक्षर जरा मोठं केलं की एक ओळ लांब, पुढची दोन शब्दांची, पुन्हा लांब, पुन्हा दोन शब्दांची. दात पडलेल्या कंगव्यासारखं दिसे. मग मी 'शोधा आणि बदला' उघडायची आणि सरांचे सगळे एंटर एका फटक्यात उडवून तिथे रिकामी जागा भरायची. रोजचंच झालं ते. हाताला इतकी सवय झाली की डोळ्यांनी बघायची गरजच उरली नाही, आणि तिथंच मी माती खाल्ली.

त्याचं असं झालं. सोनिवलीची एक नर्स बदलापूरच्या दवाखान्यात कामाला होती. फॉर्म भरायला दुकानात आली आणि बोलता बोलता म्हणाली, "माझी आजी धवलारीण आहे." आगरी लग्नात विधी चालू असताना धवले, म्हणजे त्या त्या विधीची गाणी, गाते ती धवलारीण. "आता हॉल, डीजे. तिला कोण बोलावतंय? तिचे धवले कुठं लिहिलेले नाहीत. तिच्या मागं ते संपणार. मला एक पुस्तिका करायचीय." आजी मोबाइलवर रेकॉर्ड करू देत नव्हती. माझा आवाज डबीत भरायचा नाय, म्हणे.

सर ऐकत होते. मला म्हणाले, "त्या गातील तसं मी टाइप करतो. लॅपटॉप दे, मॅडम."

पहिल्या दिवशी मीही गेले. आजूबाजूला टॉवर आणि मध्ये ते कौलारू घर. म्हातारी पडवीत पाय पसरून बसलेली. आधी गायलाच तयार नाही. "लगीन नाय, हलद नाय, कसा गावाचा?" शेवटी नातीनं पाटावर हळदीची वाटी ठेवली, तेव्हा सुरू झाली. एक ओळ गाऊन श्वासाला थांबली आणि सरांनी सवयीनं 'टिंग' केलं. म्हातारी दचकली. मग अशी हसली, अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्यानंतर ती टिंग झाल्याशिवाय पुढची ओळ गाईना. नात घाई करायला लागली तर म्हणे, "थांब गो, मास्तरचा घंटा वाजला नाय अजून."

एकवीस धवले झाले. सर महिनाभर दर मंगळवारी सोनिवलीला जात होते. क्लास बंद पडल्यापासून इतके खुशीत मी त्यांना पाहिलं नव्हतं. नवा शर्टसुद्धा शिवला!

एका सोमवारी दुकानात ही गर्दी. लॅपटॉपवर सरांच्या सात-आठ फायली उघड्या, सगळ्यांची नावं 'नवीन'. मी 'शोधा आणि बदला' घेतलं, 'सगळ्या उघड्या फायलींत' म्हटलं, सगळं सेव्ह केलं, बंद केलं आणि घरी गेले.

मंगळवारी सरांनी धवल्यांची फाइल उघडली. एकवीस धवल्यांची मिळून एकच ओळ झाली होती. सर गाण्यात स्वल्पविराम, पूर्णविराम काही टाकत नसत, त्यामुळे कुठली ओळ कुठं संपते याची खूणच राहिली नाही. दुसरी प्रत नव्हती.

ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता चष्मा पुसला, पिशवी उचलली आणि गेले. मी दुकान अर्धं बंद करून मागं बसून रडले. शरमेनं. मग अक्कल चालवून, अर्थ बघून पहिला धवला मीच तोडला आणि दोन दिवसांनी सर आले तेव्हा पुढं ठेवला.

त्यांनी वाचला. "मांडवाचे दारी कोनी शिंपलं पानी. इथं तोडलीस तू. अर्थानं बरोबर आहे. पण बाई 'कोनी'वर थांबतात. 'शिंपलं पानी' पुढच्या ओळीत जातं. आता ही ओळ तुझी झाली, त्यांची नाही."

"मग परत जाऊ या. गातील त्या परत."

"नातीचा फोन आला होता," सर म्हणाले. "बाईंना लकवा मारलाय. वाचा गेली."

म्हातारीचा आवाज जगात त्या ओळींत तेवढा उरला होता आणि त्या मी पुसल्या होत्या. सरांनी लॅपटॉप पिशवीत घातला. "अगं, कान शाबूत आहेत त्यांचे. चल."

त्यानंतर काय चाललं ते तुम्ही बघायला हवं होतं. म्हातारी खाटेवर. उजवी बाजू गेलेली, डाव्या हाताची बोटं तेवढी हलत होती. सर शेजारी स्टुलावर बसून एकेक शब्द सावकाश वाचायचे. ओळ संपायची तिथं ती बोट उचलायची. सर एंटर मारायचे. टिंग करत नसत आता. वाचण्यात घाई झाली, एखादा शब्द पुढं गेला, तर ती चादरीवर बोट आपटायची आणि सर म्हणायचे, "चुकलं बाई, मागं घेतो." एका दुपारी एक धवला, कधी अर्धाच. ती दमली की तिथंच थांबायचं. मी पाणी द्यायची, उशी सारखी करायची. दुसरं काय करणार होते मी?

वीस झाले. एकविसाव्याच्या दोन ओळी झाल्या आणि ती झोपली. उद्या करू, म्हणून आम्ही निघालो. पहाटे ती गेली.

पुस्तिका छापायच्या वेळी मी सरांना म्हटलं, "उरलेला तुम्हीच तोडा. महिनाभर ऐकलंय तुम्ही."

"नाही आठवत सगळं."

"थोडं अंदाजानं..."

"मॅडम," ते शांतपणे म्हणाले, "त्यांनी बोट उचललं नाही. मी कशी तोडू?"

तसाच छापला. दोन ओळी आणि खाली सगळा सलग मजकूर. लोक म्हणतात, शेवटचं पान चुकलंय. नात कुणाला काही समजावत नाही. माझ्यावर ती रागावली नाही. का, ते मी विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी सर गेले. झोपेतच. उल्हासनगरच्या त्यांच्या गल्लीत इतकी माणसं जमली की रिक्षा आत जाईना. त्यात अर्धे टायपिंग शिकलेले. मी खूप रडले, आणि मी काही त्यांची मुलगी नव्हे.

परवा नात आली. पुस्तिका संपल्या होत्या, पुन्हा छापायच्या होत्या. मी फाइल उघडली. वीस धवले नीट, ओळीखाली ओळ. मग एकविसाव्याच्या त्या दोन. मी वर्ड रॅप बंद केला, तशी पुढची ओळ उजवीकडे सरळ निघून गेली. मी तिच्या सुरुवातीला कर्सर ठेवला आणि बाणाची कळ दाबून एकेक अक्षर पुढं जायला लागले. मांडव गेला, करवली गेली, नवरीची आई गेली. कुठंच थांबायची जागा नव्हती. नात शेजारी उभी राहून ओठांतल्या ओठांत म्हणत होती, मध्येच अडखळत होती.

मागून एका गिऱ्हाइकानं विचारलं, "मॅडम, कितना टाइम?"

"थांबा," मी म्हटलं. "बाईंची ओळ चालू आहे."