दुसऱ्यांच्या नवऱ्यांची नावं

सुभद्राकाकूंचा घसा परळच्या सगळ्या चाळींना ठाऊक होता. संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्चात त्यांनी 'झालाच पाहिजे' म्हटलं की भोईवाड्यातली कबुतरं उडत, ती थेट चिंचपोकळीला जाऊन बसत. पण त्यांचं खरं काम सूतिकागृहाच्या खिडकीवर. कोकणातून नव्यानं आलेल्या पोरी तिथवर जायच्या, कारकून नवऱ्याचं नाव विचारायचा, आणि नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटेल म्हणून त्या पदर चावत माघारी यायच्या. अशीच माघारी आलेली ललिता चाळीच्या जिन्यातच अडली. तिचं बाळ हाती लागलं नाही. तेव्हापासून काकू प्रत्येकीबरोबर जात आणि तिच्या नवऱ्याचं नाव खणखणीत सांगत.

"काकू, सकाळपासून तिसरा नवरा हा तुमचा!" कारकून शरच्चंद्र म्हणायचा.

"चौथा यायचाय अजून. लिही मेल्या!"

एका दुपारी बकुळाला कळा सुरू झाल्या. तिचा नवरा गिरणीत, पाळीवर. काकू तिला धरून खिडकीशी आल्या.

"नवऱ्याचं नाव?"

"बाबल्या."

"ते चाळीत. कागदावर लावायचं सांगा."

ते काकूंनाही ठाऊक नव्हतं. बकुळा घामेजल्या तोंडानं कुजबुजली, "तुमच्या घोवाचां जां, तांच, काकी."

म्हणजे काकूंच्या स्वतःच्या नवऱ्याचं नाव. काकूंचा घसा बसला. तीस वर्षं 'अहो' आणि 'ऐकलं का' यावर संसार झाला होता. खिडकीतलं ऊन कापसासारखं तरंगू लागलं. त्यात 'हे' उभे, मिशीला गिरणीतला कापूस चिकटलेला, वरातीतल्याइतके तरुण. नाव उच्चारलं की विरून जातील असे.

बकुळा मटकन खाली बसली.

"नावाशिवाय खाट नाही, काकू."

काकूंनी डोळे मिटले. "राजाराम."

"ऐकू नाही आलं."

"राजाराम!" आणि मग कुणी न विचारताच, हळूच, तिसऱ्यांदा.

दिवेलागणीला बकुळाला मुलगी झाली. काकू घराकडे निघाल्या खऱ्या, पण पाय जमिनीला लागत होते की नाही कोण जाणे. ते नाव जिभेवर खडीसाखरेसारखं विरघळत होतं.

गॅलरीत नवरा खुर्चीवर डुलक्या घेत होता. काकूंनी आधी श्वास चाललाय का पाहिलं. चालला होता, घोरण्यासकट.

"राजाराम," त्या म्हणाल्या.

ते दचकून उठले आणि कठड्यावरून खाली वाकून बघू लागले.

"काय शोधताय?"

"काही नाही गं," ते डोळे चोळत म्हणाले. "आई हाक मारतेय असं वाटलं."