तारेच्या टोकाची टोपी

आमची आई दौलताबादच्या किल्ल्याखाली सीताफळं विकायची. हंगाम सरला की खडी फोडायला जायची. वडील लवकर गेले, अंगठा सोडून सही कुणाला येत नव्हती. मी आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर, आणि हे मी मिरवतो. पण त्याच मिरवण्यापायी एका माणसाची जागा गेली, तेही सांगायला हवं.

ते विद्यापीठातल्या आमच्या प्रयोगशाळेतले जुने तंत्रज्ञ, चाचा. निवृत्त झालेले, पण माझे मार्गदर्शक सर दरवर्षी त्यांची मुदत वाढवून घेत. खिशात सुपारीची डबी असायची, पण तिच्यात सुपारी नसायची. पितळेची एक लहानशी टोपी असायची.

माझं संशोधन लेझर डायोडवर होतं. बाहेरून सिग्नल आला की ड्रायव्हर नावाच्या सर्किटनं डायोडला विजेचा एकच झटका द्यायचा, आणि लेझरनं एकदाच चमकायचं, पापणी लवायच्या कोटीव्या हिश्श्याएवढं. सिग्नलची केबल ड्रायव्हरला जिथं मिळते, तिथं चाचा ती टोपी बसवायचे. तिच्यात आलेला सिग्नल जिरवणारा बारका रेझिस्टर होता.

“ही कशाला, चाचा?”

“पाव्हणा दारात आला, आन् कुणी ‘या, बसा’ म्हनलं नाय, तर काय करंल? माघारी जाईल. तिकडं बी कुणी नाय. परत इकडं. आन् तुझा ड्रायव्हर येडा, हर हेलपाट्याला नवा हुकूम समजंल.” मग हसून, “एम.एस्सी. साहेब, कागद पास झालाय, हात अजून नापास हाय.”

ते मला लागायचं.

एका शुक्रवारी चाचा नमाजला गेले होते. लेझर मधूनच एखाद्या सिग्नलला पेटायचा चुकत होता. टोपीमुळं सिग्नलची उंची निम्मी होते हे मला ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दिसत होतं. म्हाताऱ्याची खोड, असं म्हणून मी टोपी काढली. सिग्नल ताडासारखा उभा राहिला. मी उंची पाहिली, मागं हेलपाटे घालणाऱ्या सिग्नलची शेपटी पाहिली नाही. एका हुकमाला लेझर चार-चारदा पेटत राहिला, आणि थोड्या वेळात डायोड जळाला. तो एकच होता. सरांनी वर्षभर पत्रं लिहून मिळवलेला.

चाचा आले. केबलचं टोक पाहिलं, मग माझं तोंड पाहिलं. तेवढ्यात सर आत आले.

“हे कुणी केलं?”

शिष्यवृत्ती गेली, आता आईला काय सांगू, एवढंच डोक्यात.

“माझ्याच्यानं झालं, सर,” चाचा म्हणाले. “टोपी लावायची राह्यली. वय झालं.”

मी ते तसंच राहू दिलं. बाहेर आल्यावर ते म्हणाले, “तुला अजून लई चुका करायच्यात. माझ्या संपल्या.”

त्या वर्षी त्यांची मुदत वाढली नाही. शेवटच्या दिवशी त्यांनी डबी माझ्या हातात ठेवली. “साहेब झालास तरी हरवू नको.”

सरांना आज सांगू, उद्या सांगू, असं करत दोन वर्षं गेली. प्रबंध बांधून आला त्या दिवशी सांगितलं. सरांनी चष्मा काढला. मग म्हणाले, “जा, आधी त्यांना घेऊन ये.”

गुलमंडीच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर. चाचींनी दार उघडलं. चाचांना जाऊन चार महिने झाले होते. मी प्रबंध पिशवीतून काढलाच नाही.

“काम छूटा, फिर भी रोज सुबू डब्बा मांगते थे,” चाची म्हणाल्या. “मैं बोलती, कां जाते अब? तो चुप बैठ जाते.”

मी त्यांच्यासमोर सगळं कबूल केलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि पाणी दिलं.

मधल्या दोन वर्षांत मी मूळ सिग्नलच दुप्पट केला होता, आणि नवा डायोड चाचांच्याच टोपीवर चालला होता. सिग्नल एक, चमक एक. त्या कामावर मला पीएच.डी. मिळाली.