सोयरीकमामांना स्वतःकडून आलेली धमकी

सोयरीकमामा कुणालाही मेल पाठवण्याआधी तीच मेल स्वतःला पाठवत. ती पोचली, उघडली, फोटो सरळ दिसला, की मग पुढे. "पाहुण्यांना वाढायच्या आधी मी भाजी चाखतो. तसंच हे," असं ते सांगत. त्यामुळे त्यांचा सर्वांत मोठा पत्रव्यवहार स्वतःशीच होता.

बुऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यात ते माझे शेजारी. मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी लग्नं जुळवायचं काम हाती घेतलं, तेही फुकट. मुलाच्या घरी गेले की ते त्याच्या आईपेक्षा शेजारणीशी जास्त बोलत. "आई मुलाचं कौतुक करते, शेजारीण माहिती देते." मुलींचे फोटो मात्र ते मेलवरच मागवत. मोबाइल नातवंडांच्या हातात असतो, हे त्याचं कारण.

एका सकाळी त्यांना स्वतःच्याच पत्त्यावरून मेल आली. सवयीने त्यांनी ती उघडली. मजकूर अडखळत्या हिंदीत होता. मी तुमच्या खात्यात शिरलो आहे. पुरावा हाच, की ही मेल तुमच्याच पत्त्यावरून आली. तुमच्याकडचे सगळे फोटो माझ्याकडे आहेत. पैसे पाठवा, नाहीतर ते सगळ्यांना पाठवीन. कुणाला सांगू नका.

मामांनी यातली शेवटची सूचना सर्वांत आधी मोडली. ज्यांच्या मुलींचे फोटो आपल्याकडे आहेत त्या प्रत्येकाला सांगायला ते स्कूटर काढून निघाले. मामी आडव्या आल्या.

"अहो, गावभर कशाला? लोक काय म्हणतील?"

"माझं काय? मी सिनेमालासुद्धा तुझ्यासोबतच गेलो."

"तेही झोपायला."

"पण पोरी दुसऱ्यांच्या आहेत," मामा म्हणाले आणि गेले.

सर्वांत अवघड घर फोपनार गावातलं होतं. केळीवाले शेतकरी, मुलीचं लग्न देडतलाईला जमलेलं, साखरपुडा पुढच्या आठवड्यात. शंका आली तर सोयरीक तुटणार, हे मामांना ठाऊक होतं. त्यांनी पाण्याचा तांब्या बाजूला ठेवला.

"आधी ऐका. मग पाणी द्यायचं की नाही ते ठरवा."

मामांनी मुलीच्या वडिलांना मेलचं सगळं सांगितलं. आतून मुलीने विचारलं, "कोणता फोटो, मामा? हिरव्या साडीतला?"

"तोच, बाई."

"मग जाऊ द्या ना. त्यात मी कुठं चांगली दिसते."

वडिलांना हसू आलं. "मामा, तुम्ही स्वतः सांगायला आले ना, बस झालं. पाणी प्या." त्यांनी मामांसमोरच देडतलाईला फोन लावला. तिकडून एवढंच विचारलं गेलं, की साखरपुड्याचा दिवस तोच आहे ना.

संध्याकाळी मामांनी मला खातं दाखवलं. पाठवलेल्या मेलमध्ये ती मेल नव्हती. अनोळखी ठिकाणाहून कुणी खातं उघडल्याची नोंदही नव्हती. पाकिटावर पाठवणाऱ्याचं नाव कुणीही काहीही लिहू शकतो, तसंच मेलचंही, हे मी सांगितलं. आत कुणी शिरलेलं नव्हतं. उत्तर द्यायचं नाही, पैसे पाठवायचे नाहीत, खबरदारी म्हणून पासवर्ड बदलायचा, एवढंच काम होतं. मामांनी उत्साहाने आणखी एक केलं: त्या पत्त्यावरून येणारी प्रत्येक मेल थेट कचऱ्यात जाईल अशी सोय केली. पत्ता त्यांचा स्वतःचाच होता. मग चाखायला पाठवलेल्या मेल येईनात, तेव्हा ते गंभीर चेहऱ्याने माझ्याकडे आले. "मी कचऱ्यात सापडलो," म्हणाले.

त्याआधी, खातं तपासल्याच्या दुसऱ्याच दिवशी, त्यांनी त्याच सगळ्या घरी पुन्हा फेरी मारली होती, काही चोरीला गेलं नाही हे सांगायला. या वेळी घरोघरी चहा झाला. फोपनारला जेवणही झालं.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. तसल्या मेल अजून येतात, पण त्यांनी लावलेल्या वळणामुळे आमच्याकडे त्या कुणी लपवत नाही. चारचौघांत वाचून दाखवतात. फोपनारची ती मुलगी आता देडतलाईला नांदते. तिलाही परवा स्वतःच्याच पत्त्यावरून धमकी आली: मी तुमच्या घरातलं सगळं पाहतो आहे. तिने ती सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवली. सासूबाईंनी शेवटपर्यंत लक्ष देऊन ऐकलं.

"एवढं सगळं दिसून राहिलं त्याला," त्या म्हणाल्या, "तर माझा चष्मा कुठं ठेवला, तेही विचार."