फक्कीच्या दोन रेघा

श्रावणातला सोमवार, सकाळचे आठ. ठिकाण : हरसूलच्या पलीकडे, डोंगरातले आमचे छोटे पोलीस ठाणे. हजर : मी, म्हणजे फौजदार, एक हवालदार, आरोग्य केंद्राचे डॉक्टर. बाकीचे शिपाई त्र्यंबकच्या बंदोबस्ताला. नोकरीत अशा नोंदी रोज केल्या. ही एकच अजून पाठ आहे.

सत्तरच्या दशकातली पटकीची साथ होती. जगभर फिरून ती आमच्या पाड्यांपर्यंत पोचली होती. केंद्रात रुग्ण जमिनीवर झोपवलेले, सलाइनच्या बाटल्या खिडकीच्या गजांना टांगलेल्या. शनिवारीच नाशिकहून मोठे साहेब पाहणी करून गेले होते. बंदोबस्त चोख झाला होता. माझ्या वहीतल्या यादीत प्रत्येक कामापुढे बरोबरची खूण होती.

डॉक्टरांची फिर्याद थोडक्यात अशी : विहिरीत टाकायच्या पावडरची दोन्ही पिंपे कोठारातून गेली, कुलूप मात्र शाबूत. वरच्या पाड्याची विहीर अजून राहिली होती.

"आज तिथे पावडर पडली नाही, तर उद्या माझ्याकडे टांगायला बाटली उरणार नाही," ते म्हणाले.

किल्ली केंद्राच्या परिचराकडे असे. दुपारी एका दुकानदाराने हवालदाराच्या कानावर घातले, की शनिवारी उजाडताना परिचराने पिंपे बैलगाडीत चढवून दिली. मी त्याला ठाण्यात आणवले.

"पिंपं कुणाला दिलीस?"

"पोलिसांनीच नेली, साहेब."

हवालदार हसला. "मग आपल्याच ठाण्याची झडती घ्यावी लागंल."

मला परिचराचे उत्तर उर्मट वाटले. पुढचे मी त्याला बोलूच दिले नाही. खोटे बोलणारा माणूस तपशील वाढवत नेतो, हा माझा अनुभव. हा मात्र तेच एक वाक्य धरून बसला होता, आणि तेही मी त्याच्याविरुद्धच धरले. कोठडीत जाताना तो म्हणाला, "बायको वरच्या पाड्यावर हाय. कालपासून तिला जुलाब लागलेत. मला सोडा, पावडर कुठनंबी डोक्यावर घेऊन येतो."

सुटण्यासाठी बायकोचे निमित्त सांगतो, असे मी वहीत लिहिले. उरलेला दिवस दुकानांच्या झडत्यांत गेला. काही सापडले नाही.

मंगळवारी सकाळी केंद्रातल्या नर्सबाई आल्या. काल त्यांनी गावच्या कोतवालाच्या हातांना पट्टी बांधली होती. दोन्ही तळहात सोलून निघालेले. चुन्याने झाले, असे तो सांगत होता.

"पण साहेब, चुन्याला असा वास येत नाही. त्याच्या धोतराला विहिरीच्या पावडरचा वास होता."

कोतवालाला बोलावले. तो जराही घाबरला नाही.

"फक्की मारली ना, साहेब. तुमीच सांगितलं व्हतं. पंचायतीत चुना नव्हता, म्हून दवाखान्यातली पांढरी पावडर मागितली. आमाला दोन्ही चुनाच. किल्लीवाला नाय म्हनत व्हता, इरीची हाय म्हनून. मी म्हनलं, फौजदारसायबाचं काम हाय. मंग दिली."

मी वही उघडली. शनिवारची यादी, सहावे काम : 'रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्की. कोतवालास सांगणे.' अक्षर माझे. पुढे बरोबरची खूण. फाट्यापासून केंद्रापर्यंत पांढऱ्या दोन रेघा मीही पाहिल्या होत्या, शाबासकीही दिली होती. साहेबांची गाडी गेली आणि तासाभरात पावसाने त्या धुऊन नेल्या.

परिचराला सोडले. स्वतः जीप काढून नाशिक गाठले, पिंप घेऊन चारच्या सुमारास परतलो. वरच्या पाड्याला गाडीरस्ता नव्हता. पिंप बांबूला बांधून परिचर आणि मी चढलो. विहिरीपाशी मी पावडर तशीच ओतायला निघालो, तेव्हा त्याने माझा हात धरला.

"आधी बादलीत कालवायची, साहेब. नुसती नाय टाकायची."

त्याची बायको केंद्रात आणल्यावर सलाइनवर तगली. शेजारच्या घरातली म्हातारी त्याच दिवशी दुपारी गेली होती.

गुन्ह्यात मी 'क' समरी मागितली, म्हणजे फिर्याद खरीही नाही, खोटीही नाही, असा शेरा मारून प्रकरण बंद करायला. कारण लिहिले, 'गैरसमजुतीतून'. कोणाच्या, ते लिहिले नाही. साथीत दवाखान्याकडे माणसे आणि सामान आधीच कमी असते. आहे तेवढेही आपण पाहुण्यांना रस्ता पांढरा दिसावा म्हणून ओढून नेतो, हे मला त्या प्रकरणाने शिकवले. आणखी एक : जबाब घेताना माणसाचे दुसरे वाक्य ऐकून घ्यावे. ते मी पुढे नोकरीभर पाळले.

त्या रात्री वहीत एक काम लिहिले : 'वरचा पाडा, म्हातारीचे घर. पावडर उशिरा का आली, ते जाऊन सांगणे.' मग बदली आली, पुढे निवृत्तीही. वही माझ्यापाशी आहे. त्या ओळीपुढे खूण नाही.